तोलामोलाची जोड

सकाळी साडेसहाच्या सुमारास कोल्हापुरात रंकाळ्याच्या पदपथावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. चालायला आलेल्या आजोबांचे दोन प्रकार दिसतील. काही जण बोलत बोलत चालतात. पाटाकडील-दिलबहारच्या फुटबॉल सामन्यात गोल कुणी हुकवला, उसाला यंदा काय दर मिळाला, थोरल्याच्या पोराचं पुण्यात कसं चाललंय, विषय बदलत जातात आणि पाय आपले चालूच असतात. काहींचं वेगळं असतं. मुद्द्याचं बोलायची वेळ आली की ते थांबतात, सोबत्याचा दंड धरतात, ‘अरं थांब की मर्दा, ऐक तर खरं,’ म्हणतात. वाक्य पुरं झालं की मग पुढचं पाऊल. बघणाऱ्याला वाटतं, गप्पांना रंग चढलाय. बऱ्याचदा तसंच असतं. पण कधी कधी डोक्याने मुकाट्याने ठरवलेलं असतं, की बोलणं आणि चालणं ही दोन कामं आता एका वेळी जमणार नाहीत.

१९९७ साली स्वीडनमधल्या उमेओ इथल्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हीच गोष्ट मांडली. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कधी ना कधी पडले. यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही. चार शब्द बोलले आणि तोलाची परीक्षा झाली.

हा तोल येतो कुठून, तो डळमळला की मनाचं काय होतं आणि तो परत मिळवायला शेजारी माणसं का लागतात, ते या प्रकरणात पाहू.

तीन खबरे आणि एक वस्ताद

उभं राहणं म्हणजे स्थिर असणं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रंकाळ्याच्या कट्ट्याला हात लागेल एवढ्या अंतरावर उभं राहून एक पाय उचला आणि टेकलेल्या पायाकडं बघा. घोट्यासमोरची शीर ताणते, सैल पडते, पुन्हा ताणते. अंगठा जमीन पकडायला बघतो. तळव्याची बाहेरची कड दबते, लगेच आतली दबते. वरून माणूस शांत उभा दिसतो आणि खाली घोट्यात कुस्ती चाललेली असते.

या कुस्तीसाठी मेंदूला तिघांकडून खबर मिळते. पहिला खबऱ्या डोळे. दुसरा आतला कान. तिथल्या अर्धवर्तुळाकार तीन नळ्या डोकं कुठं वळलं ते सांगतात आणि दोन इवल्याशा पिशव्यांमधले चुन्याचे सूक्ष्म खडे ‘खाली’ म्हणजे कोणती बाजू ते सांगतात. तिसरे खबरे म्हणजे तळवे, स्नायू आणि सांधे. डोळे मिटूनही आपला गुडघा वाकलाय की सरळ आहे हे कळतं, ते त्यांच्यामुळं. तिघांच्या खबरी जुळवून कोणता स्नायू किती आवळायचा हे ठरवणारा वस्ताद म्हणजे मेंदू, आणि त्यात मोठा वाटा मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा.

वस्तादाजवळ डाव मुख्यतः तीन. धक्का लहान असेल तर घोट्यातून सावरायचं, मोठा असेल तर कमरेतून, आणि त्याहून मोठा असेल तर पटकन पाऊल टाकायचं. केएमटीच्या बसमध्ये उभ्याने गेलात तर हे तिन्ही डाव एका फेरीत दिसतात. गाडी नुसती डुलते तेव्हा घोटे काम करतात, वळणावर कंबर झुकते आणि ड्रायव्हरने कचकन ब्रेक लावला की पाय आपोआप पुढं पडतो.

वय वाढलं की खबरे थकतात. मोतीबिंदूने फरशीची आणि पायरीची कड पुसट होते. मधुमेह जुना झाला की तळवे बधिर होतात. कानातले खडे जागेवरून सरकले तर पलंगावर कूस बदलतानाही घर फिरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी डोकं ठरावीक पद्धतीने फिरवलं की या प्रकारची चक्कर बहुधा थांबते, पण ‘वयामुळं होतंय’ म्हणून अनेक जण ती तशीच अंगावर काढतात. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतात, त्यामुळं वस्तादाचा हुकूम सुटला तरी पाऊल वेळेवर पडत नाही. त्यात झटकन उठल्यावर रक्तदाब घसरणं किंवा झोपेची गोळी. रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाचा विचार करा. अंधारामुळं डोळे बाद, तळव्याखाली ओली फरशी आणि वस्ताद अर्धवट झोपेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात सर्वाधिक वाटा वयस्कांचा असतो.

हाड मोडत नाही, धीर मोडतो

पण आकड्यात मोजलं जातं ते मोठं पडणं. घराघरांत घडतं ते वेगळं. आपल्या गल्लीतल्या कुठल्याही काकू डोळ्यांसमोर आणा. बाथरूममध्ये पाय घसरतो. हाड मोडत नाही, कोपर खरचटतं, कमरेवर काळंनिळं होतं. संध्याकाळपर्यंत सगळं घर हळवं झालेलं असतं. मुलगा रबरी चटई आणतो. सून म्हणते, ‘आई, तुम्ही उठू नका, मी देते आणून.’ नातू सांगतो, ‘आज्जी, जिन्याला हात लावायचा नाही.’ सगळं मायेपोटीच. मग मंगळवारचं भजन चुकतं, भिशी चुकते. अंबाबाईला जायचं तर रिक्षा आणि सोबत कुणीतरी पाहिजे, म्हणून तेही राहतं. तीन महिन्यांनी काकूंच्या पोटऱ्या खरंच बारीक झालेल्या असतात. आता तोल जातो तो भीतीने की अशक्तपणाने, हे कुणालाच सांगता येत नाही.

वृद्धांच्या वैद्यकशास्त्रात या भीतीकडं गंभीरपणे पाहतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉ. मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ती मोजायची एक पट्टी तयार केली. त्यात ‘तुम्ही पडलात का?’ असा प्रश्न नव्हता. अंघोळ करणं, कपाटातून वस्तू काढणं, घरात फिरणं अशी रोजची दहा कामं होती, आणि ‘न पडता हे करू असा तुम्हाला किती भरवसा वाटतो?’ असं विचारलं होतं.

भीती चालसुद्धा बदलते. घाबरलेला माणूस घोटे आवळून धरतो, पावलं आखडतो, नजर पायांवर खिळवतो. त्याला वाटतं आपण जपून चालतोय. खरं तर घोट्याचा डाव त्याने स्वतःच बांधून टाकलेला असतो आणि नजर खाली गेल्याने पुढचा खड्डा दिसत नाही. मेंदूतही तोल आणि भीती शेजारी शेजारी राहतात. आतल्या कानाची खबर ज्या भागांत जाते, त्यांचे धागे धास्ती जागवणाऱ्या भागांशी जोडलेले आहेत. म्हणून चक्कर आली की काळजात धस्स होतं, आणि मन धास्तावलेलं असलं की पायांखाली भरवशाची जमीन वाटत नाही. रागाच्या भरात बोलणाऱ्याचाही ‘तोल सुटला’ असंच मराठीत म्हणतात. शरीराला आणि मनाला एकच शब्द वापरणाऱ्यांनी हे धागे फार पूर्वी ओळखले असावेत.

घरात कोंडलेल्या माणसाचं मन खचतं, हे सांगायला अभ्यास लागत नाही. ते किती कमी नजरेला येतं, हे मात्र अभ्यासाने दाखवलं. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे आठ जणांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली. डॉक्टरांकडून तसं निदान झालेले मात्र शंभरात एकही भरत नव्हते. बाकीच्यांबद्दल घरचे म्हणत असणार, ‘हल्ली फारसं बोलत नाहीत.’

डगमगल्याशिवाय तोल येत नाही

चांगली गोष्ट अशी की तोल कमावता येतो, सत्तरीतही आणि ऐंशीतही. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर वयस्कांची माहिती एकत्र करून तपासली. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी आढळलं. सर्वांत भक्कम पुरावा होता तो तोलाच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाचा. नुसतं चालण्याने पडणं कमी होतं, असं मात्र त्या आढाव्याला खात्रीने म्हणता आलं नाही. रंकाळ्याला रोज फेरी मारणाऱ्यांना हे वाचून वाईट वाटेल. चालणं हृदयाला चांगलं, मधुमेहाला चांगलं, मनालाही चांगलं. पण सपाट पदपथावर सरळ रेषेत चालताना तोलाला आव्हान असं मिळत नाही.

२०१८ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात हे आणखी स्वच्छ दिसलं. सत्तरीपुढचे ६७० लोक तीन गटांत विभागले. एका गटाला नुसतं अंग ताणायचे व्यायाम, दुसऱ्याला ताकद, तोल आणि दम यांचे मिश्र व्यायाम, तिसऱ्याला चीनमधल्या ताय ची या संथ युद्धकलेवरून बेतलेले व्यायाम. सहा महिन्यांत ताय ची गटातलं पडणं ताणगटाच्या तुलनेत ५८ टक्क्यांनी आणि मिश्र गटाच्या तुलनेत ३१ टक्क्यांनी कमी भरलं. ताय चीमध्ये वजन सतत एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं असतं, अंग वळवायचं असतं आणि कुठवर झुकलो की पडू ती सीमा ओळखायची असते. सगळं मर्म त्या सीमेत आहे. खुर्चीत बसून हात वर-खाली केल्याने खांदे मोकळे होतील, तोल सुधारणार नाही. थोडं डगमगावं लागतं, तेव्हाच वस्ताद डाव घोटतो.

ब्राझीलमध्ये २००८ ते २०२० या काळात ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाचातल्या एकाला जमलं नाही, आणि वय आणि आजार हिशेबात धरूनही पुढच्या काही वर्षांत त्या गटात मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त आढळला. म्हणून दहा सेकंद उभं राहिलं की आयुष्य वाढतं, असा अर्थ काढू नये. एक पाय म्हणजे आतल्या तब्येतीचा आरसा, एवढंच.

आणि भीती? २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात ३० चाचण्या होत्या. व्यायामाचा कार्यक्रम संपतो त्या सुमाराला पडण्याची भीती थोडी, फार तर मध्यम प्रमाणात कमी झालेली असते. पुढं महिनोन् महिने ती तशीच कमी राहते, असा भरवशाचा पुरावा नव्हता. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. तालीम सोडलेल्या पैलवानाचंही हेच होतं. तोल औषधाच्या कोर्ससारखा संपवून मोकळं होता येत नाही. म्हणून प्रश्न उरतो, माणूस रोज डगमगायला येईल कशाला? एकट्याने, घरात, पलंगाच्या कडेला?

घरचे जपतात, जोडीदार उभं करतात

इथं कोल्हापूरच्या पेठांना विचारायला हवं. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती इथं इतकी वाढली, की १९१२ च्या सुमारास खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं महाराष्ट्रभर माहीत आहेत. जोर-बैठका एकट्याने काढता येतात. पण कुस्ती म्हणजे दुसऱ्याचा तोल मोडणं आणि आपला राखणं, आणि ते शिकायला समोर अंग लागतं. तेही कुणाचंही चालत नाही. फार वजनदार मल्ल समोर आला तर शिकायच्या आधीच पाठ लागते, फारच हलका आला तर डाव लावायची वेळच येत नाही. म्हणून म्हणतात, जोड तोलामोलाची पाहिजे.

वयस्कांच्या तोलाचंही असंच आहे. मुलगा हात धरतो तेव्हा काकू पडत नाहीत, आणि डगमगतही नाहीत. त्यांचं सगळं वजन मुलाच्या हातावर असतं, घोटा निवांत झोपलेला असतो. शेजारी बहात्तर वर्षांच्या दुसऱ्या काकू एका पायावर उभ्या असल्या की मात्र गणित बदलतं. त्याही लटपटतात, पाय टेकतात, हसतात, पुन्हा उचलतात. घरात तोल गेला की घर घाबरतं. इथं तोल गेला की, ‘अगं बाई, माझा तर कधीच टेकला!’ असा आवाज येतो. लाज संपली की धीर सुरू होतो. आणि दुसऱ्या दिवशी आला नाहीत तर फोन येतो.

गटाचं हे बळ मोजायचा प्रयत्न जपानमध्ये झाला. आयची भागातल्या हजारो वयस्कांना चार वर्षं पाहिलं. एकट्याने व्यायाम करणाऱ्यांपेक्षा व्यायाम किंवा खेळाच्या मंडळात जाऊन करणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचं प्रमाण कमी होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळं मुळातच धडधाकट माणसं मंडळात जात असतील ही शंका घ्यायला जागा राहते. तरी मुंबईत १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी बागेत मूठभर माणसं जमवून सुरू केलेला हास्य क्लब गावोगाव का पसरला, याचं उत्तर त्याच दिशेला आहे. माणसं हसायला येतात त्याहून जास्त भेटायला येतात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी पाहिली असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. उंच बांबू एक जण पेलतो, आणि चहूबाजूंनी दोर धरलेली माणसं ती तोलून धरतात. पेलणारा एक, तोलणारे अनेक.

आपले जुने डाव

असा व्यायाम आपल्याला चीनकडून किंवा अमेरिकेकडून आणायला हवा असं नाही. मंगळागौरीचे खेळ तोलाच्या नजरेने पाहा. झिम्म्यात टाळी चुकू न देता वजन या पायावरून त्या पायावर जातं. पिंग्यात कंबर झुकते आणि डोकं वळतं, म्हणजे आतल्या कानाची परीक्षा. गोफ विणताना कुणाच्या पुढून आणि कुणाच्या मागून जायचं ते ध्यानात ठेवावं लागतं, म्हणजे उमेओच्या त्या बारा जणांना न जमलेलं काम: चालणं आणि विचार एकाच वेळी. फुगडी सत्तरीत जपून, पण हात धरून मागं रेलणं आणि समोरचीवर भरवसा टाकणं हे तिचं मर्म संथ गतीतही मिळतं.

पुरुषांसाठी वारकऱ्यांची पावली आहे. आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला पायी दिंडी जाते आणि वाटेत पुईखडीला रिंगण होतं. तिथं टाळ हातात घेऊन पावली खेळणारे पिकल्या केसांचे लोक पाहावेत. दोन पावलं पुढं, एक मागं, गिरकी, झुकणं, पुन्हा सरळ, आणि तोंडाने अभंग. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या ४६९ वयस्कांच्या अभ्यासात डॉ. जो वर्गीस आणि सहकाऱ्यांना शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचाच संबंध स्मृतिभ्रंशाचा धोका कमी असण्याशी दिसला. नाचात पाय, कान, स्मरण आणि शेजारचा माणूस सगळंच एकत्र सांभाळावं लागतं. पावलीत वेगळं काय असतं?

तालमीतला एक तास

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगतात. जागा शोधायला लांब जायला नको. तालीम मंडळाची खोली, देवळाचा मंडप, सोसायटीची गच्ची चालते. भिंत किंवा कट्टा हाताशी हवा, फरशी कोरडी हवी आणि पायांत घट्ट बसणारे बूट हवेत. झिजून गुळगुळीत झालेली चप्पल बाहेर राहू द्या.

पहिली दहा मिनिटं जागच्या जागी पावलं टाकून अंग गरम करायचं. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, कारण मांड्यांत ताकद नसेल तर तोलाचे डाव कागदावरच राहतात. मग टाचा उचलणं. मग एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून, दोरीवरून चालल्यासारखं चालणं, आडवं चालणं, चालताना डावी-उजवीकडं बघणं. सवय झाली की गंमत वाढवायची: चेंडू झेलत गावांची नावं सांगायची, शंभरातून तीन-तीन वजा करत चालायचं. शेवटी पावली किंवा झिम्मा आणि मग चहा. चहा गाळू नये, तो व्यायामाचाच भाग आहे.

चक्कर येत असेल, नुकतं खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, अर्धांगवायू होऊन गेला असेल किंवा गेल्या वर्षात दोन-तीनदा पडणं झालं असेल, तर आधी डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं. मन फारच खचलं असेल तर व्यायामाला औषधाची आणि समुपदेशनाची जोड द्यावी, पर्याय म्हणून व्यायाम नव्हे. आणि गटात दहा-बारा जणांमागं एक तरी धडधाकट माणूस लक्ष ठेवायला असावा.

एक व्यायाम मुद्दाम राखून ठेवला आहे. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, तळहात एकमेकींना नुसते टेकवायचे, ढकलायचं नाही, धरायचं नाही, आणि दोघींनी एक-एक पाय उचलायचा. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसलं, की बोटाच्या टोकाचा इतका हलका स्पर्श, ज्याने शरीराचा भार पेलणंच शक्य नाही, तोही माणसाचं झुलणं कमी करतो. कारण त्या स्पर्शातून मेंदूला आपण कुठल्या बाजूला कललो ते आधीच कळतं. तो आधार नसतो, खबर असते.

डोळे पुसट झाले, कान थकले, तळवे बधिर झाले, तरी हा चौथा खबऱ्या शिल्लक असतो. दोघी उभ्या आहेत, तळहातांना तळहात लावून. एकीचा घोटा थरथरतो, दुसरीला ते हातात कळतं, ती नकळत सावरते, तिच्या सावरण्याने पहिली सावरते. मोजणारी म्हणते आठ, नऊ, दहा. कुणी कुणाला सांभाळलं, हे विचारलं तर दोघींनाही सांगता येत नाही.